रुजवात बाकी

आमचे घरमालक लेखी अर्जाशिवाय फाईल कॉपी करून देत नसत. फाईल माझ्याच मोबाईलमधली असे आणि केबलही पुढे मीच आणलेली होती, तरी अर्ज लागे. कोऱ्या कागदावर, डावीकडे समास सोडून: ‘विषय: मोबाईलमधील ध्वनिमुद्रण संगणकात घेऊन नक्कल मिळणेबाबत.’ पहिल्यांदा मला ती थट्टा वाटली आणि मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “तारीख टाका जी. बिनतारखेचा अर्ज म्हणजे हवेतली गोष्ट.”

मी तेव्हा भंडाऱ्यात एका दैनिकाचा बातमीदार होतो. त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली माझ्याकडे भाड्याने होती. ते एका सरकारी कार्यालयाच्या नक्कल शाखेतून निवृत्त झालेले. कार्यालय कोणते ते लिहीत नाही, त्याने काही बिघडत नाही. लोक जुन्या कागदांच्या नकला मागायला येत. बाबू मूळ कागद समोर ठेवून हाताने नक्कल उतरवी. मग दुसरा माणूस मूळ मोठ्याने वाची आणि नक्कल करणारा आपल्या कागदावर बोट फिरवत जाई. दोन्ही कागद असे ताडून पाहण्याला रुजवात म्हणतात. नकलेच्या तळाशी दोन सह्या होत, ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत नाहीत. पुढे झेरॉक्स मशीन आले आणि शाखेतले बाकीचे सुटले. हे सुटले नाहीत. “झेरॉक्स म्हणजे फोटो,” ते म्हणत. “फोटोले जबाबदार कोन?”

सगळे त्यांना बाबूजी म्हणत. मीही म्हणत असे.

संगणक त्यांच्या पुण्याच्या मुलाने पाठवला होता, नातवाचे फोटो पाहायला. मोबाईलही त्यानेच दिला. मोबाईलच्या डब्यात एक सीडी होती, आणि त्या सीडीतले सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय मोबाईल आणि संगणक एकमेकांना ओळखत नसत. सॉफ्टवेअर टाकताना पडद्यावर इंग्रजीत करारनामा येतो. खाली दोन चौकोन असतात, सहमत आणि असहमत. तो करारनामा वाचलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. बाबूजींनी तो वाचला. रोज सकाळी अंघोळ झाल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन, पडदा थोडा थोडा वर सरकवत वाचला. तीन शंका वहीत उतरवल्या. त्यातली एक मला आठवते: कलम बारामध्ये ‘उभय पक्ष’ म्हटले आहे, तर दुसरा पक्ष सही केव्हा करणार?

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात सुपात तांदूळ निवडत बसलेल्या असत. त्या मला म्हणाल्या, “लगनात यायनं मले पाह्यलं बी नव्हतं भाऊ, तरी हाव म्हनून टाकलं. अना त्या सीडीले आठ दिस झाले, हाव म्हनत नाही.”

“लगनात कलमं नव्हती,” बाबूजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

“असती तं मीच वाचली असती.”

अखेर नवव्या दिवशी ते सहमत झाले. केबल लावली. पडद्यावर अक्षरे आली, ‘डिव्हाइस नॉट फाउंड’. बाबूजींनी मोबाईल उचलून पडद्यासमोर धरला. “हा काय समोर बसला हाय. अना हा म्हनते सापडत नाही. पाह्यलं का जी, खोटी नोंद इथूनच सुरू झाली.” मी बाजारातून दुसरी केबल आणली, तेव्हा मोबाईल सापडला.

माझा मोबाईलही त्याच कंपनीचा होता आणि माझी गरज अशी होती. आमच्या कार्यालयात संगणक एकच होता आणि तो पान लावणाऱ्याच्या ताब्यात असे. मोबाईलची जागा तुटपुंजी. चार मुलाखती रेकॉर्ड केल्या की पाचवीला जागा नाही. म्हणून रेकॉर्डिंग बाबूजींच्या संगणकात टाकायची आणि मोबाईल रिकामा करायचा, एवढा साधा बेत होता. एका फाईलला दोन मिनिटे लागायला हवीत. तिथे एक सकाळ जाई.

कारण रुजवात. त्यांचे म्हणणे असे की फाईल संगणकात दिसते, एवढ्यावरून ती नक्कल होत नाही. मूळ आणि नक्कल ताडून पाहिली पाहिजे. टेबलाच्या डाव्या हाताला मोबाईल, उजव्या हाताला संगणकाचा स्पीकर. ते “हं” म्हणत आणि आम्ही दोघे एकाच वेळी दोन बटणे दाबत असू. दोन्ही आवाज कधीच नेमके एकत्र सुरू होत नसत. अर्ध्या सेकंदाचे अंतर राही. सरपंच एकदा मोबाईलमधून बोले आणि लगेच स्पीकरमधून. मंगल कार्यालयात माइक घुमतो तसे सगळे घुमे. अंतर वाढले की बाबूजी हात वर करत. मग पहिल्यापासून. मधून सुरू केलेले त्यांना चालत नसे. “पान अर्ध्यातून वाचते का कोनी?”

नक्कल करणार ते, म्हणून रुजवात घेणारा दुसरा कोणीतरी हवा. काकूंनी नकार दिला होता. “एका मानसाचं बोलनं दोनदा कायले आयकू?” त्या म्हणाल्या. “तुमचं तं एकदाच जास्त होते.” त्यामुळे तो दुसरा माणूस मी होतो. वहीत पाच रकाने होते: अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख आणि दोन सह्या. दोन्ही सह्या होईपर्यंत शेरा असे, ‘रुजवात बाकी’. रुजवात बाकी असलेली फाईल मोबाईलमधून पुसायची नाही, हा पुढचा नियम. मूळ कसे फाडता येईल?

परिणामी माझा मोबाईल कायम भरलेला. एकदा धान खरेदीवरून शेतकऱ्यांनी रस्ता अडवला. एका म्हाताऱ्याने धानाचे पोते थेट अधिकाऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवले. फोटो घ्यायला मी मोबाईल वर केला, तेव्हा पडद्यावर ‘मेमरी फुल’ होते. मेमरीत काय होते तर एका उद्घाटनातली बावीस मिनिटांची भाषणे, रुजवात बाकी. दुसऱ्या दिवशी तो फोटो दुसऱ्या दैनिकात पहिल्या पानावर होता. मी अंक बाबूजींच्या टेबलावर आपटला. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, “चांगला हाय. पन पोत्यावरचा शिक्का उलटा काहून दिसून राहिला?”

फक्त माझ्याच नशिबी हे होते असे नाही. काकूंचा भाचेजावई जवाहरनगरला आयुधनिर्माणीत कामाला होता. एका रविवारी तो बहिणीच्या साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो मोबाईलमध्ये घेऊन आला. संगणकात टाकून सीडी करून हवी होती. बाबूजींनी एकेक फोटो मोबाईलवर आणि पडद्यावर ताडून पाहायला घेतला. पाहुण्यांची डोकी मोजली. नवरीच्या आत्याच्या दोन फोटोंपाशी गाडी अडली. दोन्ही तंतोतंत सारखे होते.

“यातला मूळ कोनता?” बाबूजींनी विचारले.

“मामाजी, दोन्ही मूळच होय. बटन दोनदा दाबल्या गेलं.”

“म्हंजे एकाच घटनेचे दोन मूळ?”

“मंग एक काढून टाका.”

“कोनता?”

भाचेजावयाने घड्याळ पाहिले. परतीची बस चुकली होती. काकूंनी त्याला जेवायला वाढले. जेवताना त्याने माझ्याकडे पाहून नुसते डोळे मिटले. पुढे कळले की वसाहतीतल्या एका स्टुडिओवाल्याने ते काम चहा संपायच्या आत करून दिले. बाबूजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “रुजवात केली का त्यानं?”

या माणसाबद्दल जुने लोक एक गोष्ट सांगत. जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कागदपत्रांचीही वाटणी झाली. तिकडच्या गावांचे कागद गठ्ठे बांधून ट्रकने गेले. काही जुनी रजिस्टरे अशी होती की एकाच पुस्तकात इकडचीही गावे आणि तिकडचीही. पुस्तक फाडता येत नाही, म्हणून त्यांच्या नकला करायच्या ठरल्या. तिकडून दोन बाबू न्यायला आले होते. त्यांना वाटले, गठ्ठे मोजून सही करू आणि संध्याकाळपर्यंत घरी. बाबूजींनी त्यांना रुजवातीला बसवले. ते किती दिवस बसले याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. त्यातल्या एकाने बायकोला पत्र लिहून कपडे मागवले, एवढे मात्र सगळे सांगतात.

मी त्यांना या गोष्टीबद्दल विचारले. कपड्यांचे त्यांना आठवत नव्हते. रजिस्टरातली एक चूक आठवत होती. मूळ लिहिणाऱ्याने एका तलावाचे नाव दोन जागी दोन प्रकारे लिहिले होते. तिकडचा बाबू म्हणाला, नकलेत दुरुस्त करून टाकू. “मी नाही म्हनलो,” बाबूजींनी सांगितले. “मुळात चूक असन तं नकलेत चूक पाहिजे. नक्कल करनाऱ्याले शहानपना करायचा अधिकार नाही.”

हाच नियम त्यांनी माझ्यावर लावला. मी कोणाचे रेकॉर्डिंग आणले आणि दोन दिवसांनी त्याची बातमी छापून आली, की ते कात्रण काढून वहीत त्या फाईलच्या नोंदीसमोर चिकटवत. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मग कात्रण आणि ध्वनिमुद्रण यांची रुजवात. सकाळी मी दात घासत असताना ते ओट्यावरून विचारत, “थे बाई ‘मले पानी भेटत नाही’ म्हनून राहिली, तुमी ‘मला पाणी मिळत नाही’ छापलं. काहून?”

“प्रमाण भाषेत लिहावे लागते, बाबूजी.”

“थे प्रमान भाषेत बोलली काय?”

“नाही.”

“मंग हे बोललं कोन?”

अशा हरकती आठवड्याला चार-पाच. दोन वाक्यांचे एक केले, ही हरकत. बोलणारा मध्ये खोकला ते छापले नाही, ही हरकत. सुरुवातीला मी उत्तरे देत असे. वर्षभराने फक्त हो म्हणून खोलीत जाऊ लागलो. आता लिहिताना हे नोंदवणे भाग आहे, कारण पुढे जे झाले त्याचे मूळ इथे आहे. त्यांची प्रत्येक हरकत एकाच आवाजात, एकाच वजनाची असे. त्यातली कोणती खरोखर महत्त्वाची, हे ओळखायचे मी सोडून दिले होते.

पवनी तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या खिचडीची बातमी करायला मी गेलो. गावाचे नाव इथे देत नाही. तांदूळ कमी येतो अशी तक्रार होती. स्वयंपाकाच्या शेडपाशी चूल पेटलेली, मुले ताटे वाजवत रांगेत, आणि तीन-चार बायका. मी मोबाईल चुलीजवळच्या स्टुलावर ठेवला आणि शाळेच्या स्वयंपाकीणबाईंना प्रश्न विचारले. शिवाय वहीत टिपणे घेतली. बातमी दोन दिवसांनी माझ्या नावाने आली. मथळा होता ‘खिचडीचा तांदूळ मागच्या दाराने’. बातमीत स्वयंपाकीणबाईंच्या नावासह त्यांचे वाक्य होते: ‘तांदळाचे पोते मागच्या दाराने जाते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी ओट्यावरून म्हणाले, “सतरा नंबरची रुजवात बसत नाही जी.” सतरा हा वहीतल्या त्या वर्षाच्या नोंदींत खिचडीच्या रेकॉर्डिंगचा क्रमांक.

“छापून झाले, बाबूजी.”

“पन बसत नाही.”

“मला ‘मागल्या’ आणि ‘मागच्या’ ऐकायचे नाही,” मी म्हणालो आणि गाडीला किक मारली. त्यांनी वहीत काय शेरा लिहिला ते मी पाहिले नाही.

दहा-बारा दिवसांनी त्या बाई भंडाऱ्याला आल्या. कार्यालयात पत्ता विचारून थेट घरी. पन्नाशीच्या, बुटक्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. ओट्यावर बाबूजी होते. “जयभीम,” बाई म्हणाल्या. “जयभीम. बसा,” बाबूजी म्हणाले. बाई बसल्या नाहीत. कागद माझ्या हातात दिला. पेपरवाल्यांना खोटी माहिती देऊन शाळेची बदनामी केल्याबद्दल त्यांना कामावरून कमी केले होते. पुढच्या सोमवारी शाळेच्या समितीची सभा होती. काही सांगायचे असेल तर तिथे सांगावे, असे खाली लिहिले होते.

“मी बोललीच नाही थे,” बाई म्हणाल्या. “सात वर्स झाले त्या चुलीपाशी. नवरा पडून हाय घरी. मी असं बोलीन काय?”

बोलून मग नाकारणारे लोक बातमीदाराला रोज भेटतात. मी ठरलेले उत्तर दिले. “बाई, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.”

“मंग आयका नं,” बाई म्हणाल्या.

मी घड्याळ पाहिले. मला अकराला एका पत्रकार परिषदेला जायचे होते. बाबूजी तोपर्यंत आत जाऊन स्पीकर लावून आले होते. “या जी,” ते म्हणाले. “सतरा नंबर. एकतीस मिनटं.”

“मधले वाक्य तेवढे लावा.”

“मधून लागत नाही.”

मी मोबाईल टेबलावर ठेवला. सतरा नंबर अजून त्यात होता, कारण रुजवात बाकी होती आणि पुसायची परवानगी नव्हती. बाई खुर्चीवर टेकल्या. काकू सूप बाजूला ठेवून दारात उभ्या राहिल्या. “हं,” बाबूजी म्हणाले आणि आम्ही बटणे दाबली. ताटांचा आवाज दोनदा, मुलांचा गलका दोनदा, माझा प्रश्न दोनदा. बाईंचे उत्तर आले: तांदूळ येतो तेवढा शिजवते, आधी किती येत होता ते मास्तरांना विचारा. मी पुन्हा तेच विचारतो. बाई पुन्हा तेच सांगतात. वीस मिनिटे मी एकच प्रश्न चार प्रकारे विचारत होतो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

बाविसाव्या मिनिटाला ते वाक्य आले. बाईमाणसाचाच आवाज, पण मागून, थोडा लांबून, तरुण. “तांदळाचं पोतं मागल्या दारानं जाते.” आणि त्याला लागून समोरच्या बाईंचा आवाज, दबका: “अवं, चूप नं! थे लिहून राहिले.”

बाबूजींनी हात वर केला नाही. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत चालू दिले. उरलेली नऊ मिनिटेही आम्ही चौघांनी ऐकली. मग मी खोलीतून टिपणवही आणली. वाक्य लिहिलेले होते. समासात माझ्याच अक्षरात ‘स्व.’, म्हणजे स्वयंपाकीण. ते केव्हा लिहिले, तिथेच की परत येताना बसमध्ये, हे मला आजही सांगता येत नाही.

“दुसरी बाई कोण?” मी विचारले.

“मी नाही सांगत.”

“तिने येऊन सांगितले तर तुमचे काम परत मिळेल.”

“अना तिचं जाईल. तिले दोन पोट्ट्या हाय लहान,” बाई म्हणाल्या. “थे आवाजाचं तिकडं नेऊ नोका जी. गावात वाजलं का सारे वळखतीन. मी बोलली नाही एवढंच लिहून द्या. थे कोन बोललं, थे कायले?”

मला वाटले, बाबूजी इथे अडणार. अर्धे मूळ दाखवायचे आणि अर्धे लपवायचे, हे त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसणारे नव्हते. त्यांनी वही मिटली. मग लेखनाची पाटी मांडीवर घेतली आणि त्या एकतीस मिनिटांची नक्कल हाताने उतरवायला बसले. खोकल्यासकट, ‘मले’सकट, माझ्या चार वेळच्या प्रश्नासकट. दोन दिवस लागले. बाविसाव्या मिनिटापाशी लिहिले: ‘मागून दुसरी एक बाई (नाव नक्कल करणाराला माहीत नाही).’ शेवटी आपली सही केली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. रुजवात घेणाराची जागा रिकामी होती. वर एक ओळ होती: ‘बातमीत हे वाक्य ज्या बाईंच्या नावे छापले आहे, ते त्यांचे नाही.’

मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, बातमी खोटी आहे का? मी म्हणालो, पोत्याचे माहीत नाही, नाव चुकले. ते म्हणाले, मग ठाम राहा, खुलासे छापत बसलो तर पान पुरणार नाही. मी म्हणालो, मी सही करतो आहे.  त्यावर ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. खुलासा चौथ्या दिवशी आला, आतल्या पानावर, दोन ओळींचा. पोते खरोखर मागच्या दाराने जात होते का, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. त्याचा पाठपुरावा मला करू दिला गेला नाही.

सोमवारी बाबूजी सोबत आले. नक्कल टपालाने पाठवायला ते तयार नव्हते आणि माझ्या हाती द्यायलाही. कारध्याचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी पाकीट तीनदा उघडून पाने मोजली. पवनीला बस बदलली. आसगावला उतरून पुढे ऑटो. शाळेच्या वऱ्हांड्यात समितीचे सात-आठ लोक सतरंजीवर बसले होते. मुख्याध्यापक खुर्चीवर. बाई खांबापाशी उभ्या.

अध्यक्ष म्हणून एक वयस्क शेतकरी होते. त्यांनी नक्कल एका शिक्षकाला वाचायला लावली. सगळी, कारण बाबूजी मधून वाचू देईनात. माझ्या चार वेळच्या प्रश्नाला लोक हसले. वाक्य आले तेव्हा हसणे थांबले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. “सही तुमची?”

“माझी.”

“बाई बोलली नाही म्हनता?”

“बोलल्या नाहीत. माझी चूक आहे.”

“मंग बाईचा कसूर नाही,” अध्यक्ष म्हणाले. “उद्यापासून ये वं चुलीवर.” बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खांबाला धरलेला हात सोडला.

मुख्याध्यापक उठले. आवाज चढवला नाही. बातमीने त्यांचीही झोप उडवली होती, हे दिसत होते. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पण ही दुसरी बाई कोण? रेकॉर्डिंग द्या, आम्ही ओळखू.”

“रेकॉर्डिंगची नक्कल हीच,” बाबूजी म्हणाले.

“मग तुम्ही दोघांनी ऐकलंय ना? शेडमध्ये बाया आहेत. एकेकीला बोलायला लावतो. तुम्ही ओळखा.”

वऱ्हांड्यातून खाली उतरले की शेड. मुख्याध्यापक पुढे, मागे आम्ही, आमच्या मागे समिती. चुलीपाशी दोघी होत्या. एक म्हातारी भांडी घासत होती. मुख्याध्यापकांनी तिला विचारले, आज किती मुले आहेत? ती म्हणाली, मले का मालूम गुरुजी, मी भांडे घासतो. दुसरी पंचवीस-तीसची, हातात मोठा चमचा. मोठ्या गंजात खिचडी ढवळत होती. आमच्याकडे पाठ होती.

“सांग वं, साहेबांना सांग,” मुख्याध्यापक म्हणाले. “आज काय केलंस?”

ती ढवळत राहिली.

“तुझ्याशी बोलतोय.”

तिने तोंड फिरवले. ओठ घट्ट मिटलेले. मी मोबाईल घरी ठेवून आलो होतो, पण तिने पहिल्यांदा माझ्या हातांकडे पाहिले. मग स्वयंपाकीणबाईंकडे. बाई गर्दीच्या मागे होत्या. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि त्या थांबल्या. सगळी समिती त्या एका तोंडाकडे पाहत होती.

“बाईचा दात दुखून राहिला गुरुजी,” बाबूजी म्हणाले. “गाल पाहा कसा सुजला. बोलवू नोका.”

गाल सुजलेला नव्हता. तिने चमचा सोडला आणि डावा हात गालावर ठेवला. मुख्याध्यापकांनी तिच्याकडे पाहिले, मग बाबूजींकडे. “तुम्ही डॉक्टर आहात का?” ते म्हणाले. मागून अध्यक्षांचा आवाज आला, “राहू द्या जी गुरुजी, पोट्टे भुकेले हायत.” रांगेत ताटे वाजत होतीच. म्हातारीने पहिले ताट पुढे घेतले. वाढणे सुरू झाले आणि माणसे पांगली.

परतीच्या बसमध्ये बाबूजींना खिडकीची जागा मिळाली. अड्याळ मागे पडले. मग मी विचारले, “बाबूजी, त्या बाईचा दात दुखतो, हे तुम्हाला कसे कळले?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“अंदाज जी,” ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. पुढे अडीच वर्षे त्यांच्या घरात राहिलो, पण पुन्हा कधी ऐकला नाही.